एकदा लावून बघू

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून टिक्... टिक्... असा आवाज येऊ लागला आणि कोणी म्हणालं, "आता बंद करा आणि हात लावू नका," तर त्या माणसाला आधी घराबाहेर काढा. आत लग्नाचे फोटो आहेत, सातबाऱ्याचे स्कॅन आहेत, बाबांच्या अँजिओग्राफीचे रिपोर्ट आहेत, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ आहे आणि 'हिशोब_फायनल_नक्की_फायनल' ही एक्सेलची फाइल आहे. अशा वेळी स्वस्थ बसायचं? बटण दाबा. नाही झालं? बंद करा, दहा मोजा, पुन्हा दाबा. तरीही नाही? एक हलकी चापट मारा. आपल्याकडे टीव्ही, मिक्सर आणि स्कूटर याच पद्धतीने सुरू होत आलेत.

तसा हा आवाज काही अचानक येत नाही. गेले तीन महिने एक फोल्डर उघडायला चहा होईल इतका वेळ लागत होता. एकदा विंडोजनेही बजावलं होतं, की डिस्कचं काही खरं नाही, बॅकअप घ्या. तुम्ही ती खिडकी वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून बंद केलीत, वॉलपेपर बदललात आणि हवा खेळावी म्हणून लॅपटॉपखाली दोन वह्या सरकवल्यात. तंत्रज्ञानाच्या बाजूने जे करण्यासारखं होतं ते सगळं केलंत. मनाला लावून घेऊ नका.

बटण दाबता तेव्हा आत काय होतं तेवढं मात्र माहीत असू द्या, म्हणजे दाबायला जोर येईल. लॅपटॉपची नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. त्या फिरत्या चकतीवर वाचणारं हेड तरंगत असतं, तेही अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो. हेड बिघडलं, की त्याला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते शोधत आत जातं, रिकाम्या हाताने परत येतं, पुन्हा जातं. तीच ती टिकटिक. आणि हेड वाकडं होऊन चकतीला टेकलं असेल, तर प्रत्येक फेऱ्यात वरचा चुंबकी थर खरवडून निघतो. आत जी बारीक पूड पडते ती म्हणजेच तुमच्या मुलीचं बारसं. तेव्हा पंधरा-वीस वेळा चालू-बंद करून बघायला हरकत नाही. बारसं मोठं होतं, पुरेल.

आता मेव्हण्यांना फोन लावा. प्रत्येक घरात एक मेव्हणे असतात ज्यांनी 2009 मध्ये कोणाचा तरी डेटा परत आणलेला असतो. ते सांगतील, "चेकडिस्क मार आणि झोप." मारा. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीला तुमच्या फोटोंशी काही देणं-घेणं नसतं, तिला फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशोब जुळवायचा असतो. जे वाचता आलं नाही ते ती नोंदवहीतून काढून टाकते, उरलेले तुकडे 'सीएचके' नावाने एका कोपऱ्यात रचते आणि हे सगळं त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहीत बसते. रात्रभर ही झटापट ऐकत शांत झोपा. सकाळी हिशोब जुळलेला असेल. फक्त मालमत्ता नसेल.

मधेच विंडोज विचारेल, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? इतक्या अदबीने विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं आपल्या संस्कारात बसत नाही.

याच सुमारास वरच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी डोकावेल. म्हणेल, "काका, डिस्क लॅपटॉपमधून काढून दुसऱ्या मशीनला लावू या. विंडोजवरून नको, लिनक्सवरून. आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची नक्कल काढायची आणि पुढची सगळी खटपट त्या नकलेवर. ते आधी सोपे भाग वाचून घेतं, अडलं तिथे अडून बसत नाही, कुठे काय राहिलं त्याची नोंद ठेवतं आणि हट्टी जागांकडे शेवटी परत येतं. पण टिकटिक फारच असेल तर तेही नको, सरळ डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे द्या." तिला चहा द्या, कॉलेजचं विचारा आणि पाठवून द्या. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि वीस वर्षांच्या पोरीवर कोण विश्वास ठेवतो? तुम्ही पहिल्या जाहिरातीतलं 'शंभर टक्के रिकव्हरी'वालं सॉफ्टवेअर घ्या. ते त्याच डिस्कवर इन्स्टॉल करा आणि सापडलेल्या फायलीही त्याच डिस्कवर साठवा, म्हणजे अजून न सापडलेल्या फायलींच्या डोक्यावर त्या नीट बसतील.

फ्रीजरचा उपाय व्हॉट्सॲपवर आला असेलच. फार जुन्या काळी, काही अडकलेल्या डिस्कना थंडीने दोन मिनिटं जीव आला असेलही. आपण डिस्क पिशवीत घालून मटारांशेजारी रात्रभर ठेवावी आणि सकाळी भर दमट हवेत बाहेर काढून लगेच लावावी. थंड ताकाच्या ग्लासावर जमतात तसे थेंब आत चकतीवर जमले, की हेडला आंघोळही घडते.

एवढ्यावर हार मानू नका. आता ती उघडायची. स्क्रू साधे नाहीत, चांदणीसारख्या खाचेचे आहेत. तो स्क्रूड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, आणि स्क्रूड्रायव्हर मिळाला म्हणजे विद्या मिळाली. जाणकार लोक हे काम 'क्लास 100' खोलीत करतात: एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त 100 कण. आपल्या हॉलमध्ये पंखा चालू आहे, बाजूला फोडणी पडली आहे आणि उदबत्तीही आत्ताच लावली आहे, म्हणजे वातावरण शुद्ध आहे. झाकण काढा. आरशासारखी चकती दिसेल. "इतकी छान दिसतेय, हिला झालंय काय?" असं म्हणून बोट लावून बघा.

सर्किटचा अनुभव असेल तर खालची हिरवी पट्टीही बदला. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणायची आणि तिची पट्टी हिला बसवायची. नव्या डिस्कांत प्रत्येकीचं खास माप पट्टीवरच्या रॉमच्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. ती चिप काढून नव्या पट्टीवर डकवली नाही, तर पट्टी बहुधा परकीच राहते. पण हे मेव्हण्यांना सांगू नका, वाईट वाटेल.

आता, आणि फक्त आताच, लॅबमध्ये जा. तिथे पहिला प्रश्न येईल: "उघडली होती का?" ठामपणे "नाही हो" म्हणा. सूक्ष्मदर्शकाखाली चकतीवर तुमच्या अंगठ्याचा ठसा हळदीसकट दिसेल तेव्हा छताकडे बघा. पैशांचा आकडा सांगतील. त्यावर "एवढ्यात तर नवीन लॅपटॉप येतो" हे वाक्य म्हणायचंच असतं, ते चुकवू नका.

मग त्यांना कोलंबियाचा दाखला द्या. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. महिन्यांनी एका कोरड्या तळ्याच्या तळाशी 400 एमबीची एक हार्ड डिस्क सापडली, जळून विद्रूप झालेली, कडेचं सील वितळलेलं. तिच्यावर झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. तज्ज्ञांनी चकत्या धुऊन दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे 99 टक्के मजकूर परत मिळवला. 2008 मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंधही छापून आला. "अंतराळातून पडलेली डिस्क वाचते, आमची तर पलंगावरून पडली!" असं म्हणा. समोरचा माणूस मान हलवेल. त्या डिस्कवर कोणी चेकडिस्क मारली नव्हती, तिला मटारांशेजारी कोणी निजवलं नव्हतं आणि कोरड्या तळ्यात मेव्हणे नव्हते. हे तो बोलून दाखवणार नाही, धंद्याचा प्रश्न आहे.

यातूनही समजा डेटा निघालाच, तर लॅबवाला शेवटचं विचारेल: "डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप आहे. 48 अंकी किल्ली द्या." ती आहे की! विंडोज ती त्याच डिस्कवर ठेवू देत नव्हतं, पण तुम्ही काय कच्चे? प्रिंट म्हणून पीडीएफ केलीत आणि डेस्कटॉपवरच्या 'महत्त्वाचे' फोल्डरात ठेवलीत. त्याच लॅपटॉपच्या.

डिस्क घरी आणा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि जुने चार्जर, एका कानाचा इअरफोन आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या असलेल्या खणात ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी हाताला लागेल. बायको विचारेल, "टाकायची का ही?"

"असू दे गं. थांब, एकदा लावून बघू."

टिक्.