पुष्टिव... हां, बोल रे!

आज बँकेच्या रांगेत होते. पुढच्या काकांच्या खिशात महामृत्युंजय मंत्र वाजला. 'त्र्यंबकं यजामहे सुगन्धिं पुष्टिव...' की लगेच, 'हां, बोल रे!' दहा मिनिटांत चार वेळा. डोकं भणाणलं.

माझी आजी हाच मंत्र 108 मण्यांच्या माळेवर जपायची. मध्ये कुणी हाक मारली आणि मंत्र तुटला, तर मणी पुढे सरकायचा नाही. तोच धरून पुन्हा 'त्र्यंबकं'पासून. मी एकदा वैतागून म्हटलं, 'अगं, राहिलं तिथून म्हण की पुढे.' तर म्हणाली, 'अर्धं वाक्य बोलून कुणाकडे पाठ फिरवतो का आपण?'

आणि या मंत्रातलं मागणं सगळं दुसऱ्या ओळीत आहे हो! पिकलेली काकडी देठापासून अलगद सुटते ना, तसं मला मृत्यूपासून सोडव, अमृतापासून नको. ऋग्वेदातल्या ऋषीने वेलीवरची काकडी बघून मरणाबद्दल इतकं बोलावं! रिंगटोन तिथवर पोचतच नाही. नुसती हाक मारायची आणि काही न मागता फोन उचलायचा.

शिवाय जिकडे बघावं तिकडे 'यशाचे सात मंत्र', 'वजन घटवण्याचा मंत्र'. अरे, युक्ती म्हणा, उपाय म्हणा! 'मन्' म्हणजे विचार करणं, त्यावरून आलेला शब्द हा. कानमंत्र, मूलमंत्र मीही म्हणते, मान्य. पण कानमंत्रात निदान कुणीतरी जवळ येऊन काही सांगतं.

मंत्र लपवून ठेवा असंही माझं म्हणणं नाही. तुकोबांनी स्वप्नात मिळालेला 'रामकृष्णहरि' अभंगातून सगळ्यांना सांगून टाकला. म्हणा की, खुशाल म्हणा. पण तुम्ही म्हणा, खिशाला म्हणायला लावू नका.

चौथ्या फोनला काका हळूच म्हणाले, 'रिपोर्ट आले का?' मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. माझा राग तिथेच विरला. त्यांनी तो मंत्र का लावला असेल, कोण जाणे.

आजीची शेवटी शेवटी जीभ वळायची नाही. उशाशी बसून मीच म्हणायचे, माळ तिच्या हातात. एकदा 'उर्वारुकमिव'पाशी माझा आवाज फुटला आणि मी थांबले. तिने डोळे उघडले नाहीत, पण अंगठा मण्यावर तसाच ठेवला. मी डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. 'माऽमृतात्' झाल्यावर तिने मणी ओढला.