हरिपाठ आणि आरोपपत्र

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. महिला तुरुंगातल्या धार्मिक वाचनावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं: आत गेल्यावरच यांना देव आठवतो, तोही माफी मिळावी म्हणून, पोथ्या वाटण्यापेक्षा कायद्याची पुस्तकं द्या, आणि धुळ्याच्या तुरुंगात गीता ऐकणारे सत्याग्रही होते, या बायका गुन्हेगार आहेत.

धुळ्याचं आधी. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथे गीतेचा एकेक अध्याय सांगत आणि साने गुरुजी उतरवून घेत. ती माणसं आपणहून तुरुंगात गेली होती. बराकीतल्या या बायका तशा आलेल्या नाहीत, हा फरक मला मान्य आहे. पण सरसकट गुन्हेगार म्हणू नका. २०२२च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. माफी म्हणजे शिक्षेतली सूट, ती पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्या कैद्याला शिक्षाच झालेली नसते, तर सूट कशात मिळणार? तिच्यापुढे असते ती फक्त पुढची तारीख. मग नाटक करायचं कुणासमोर?

माझ्या डोळ्यांसमोर साठीच्या एक आजी आहेत. कितीतरी वर्षं दिंडीत चाललेल्या. हरिपाठ सगळा तोंडपाठ, पण सहीच्या जागी अंगठा. अक्षरं शिकवताना मी पुस्तक समोर धरून बोट ठेवायला सांगितलं, तर तोंड पुढे आणि बोट मागे. तोंडाने ‘द्वारी’ म्हणून झालेलं असायचं आणि बोट अजून ‘देवाचिये’वरच. मी थांबवलं की चिडायच्या, “हरिपाठ काय असा अडखळत म्हणतात होय?” पण आवाज आधीच ओळखीचा होता, नुसती अक्षराची ओळख व्हायची होती. कोऱ्या बाराखडीवर त्या आठवडाभरही टिकल्या नसत्या.

चार महिन्यांनी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं आरोपपत्र काढलं. आधी गावाचं नाव वाचलं. मग बराच वेळ एकाच ओळीवर बोट. “अगं, मालकांचं नाव चुकवलंय यांनी.” दीड वर्ष ते कागद त्यांच्या उशाशी होते.

म्हणून कायद्याच्या पुस्तकांबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के पटतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ प्रत्येक बराकीत मोठ्या अक्षरांत लागलं पाहिजे. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या बाईने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तिची जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सुटका व्हायला हवी. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले यातून वगळलेत. हे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. पण भिंतीवरचं वाचायला अक्षर लागतं, आणि या आजींना ते हरिपाठातून आलं.

एका गोष्टीत मात्र मी कमी पडले, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळेच ते लक्षात आलं. श्रद्धेचा जाचही होतो. एका मुलीने मला सांगितलं होतं, आरतीला टाळ्या वाजवल्या नाहीत की रात्री बाकीच्या तिचं अंथरूण संडासाकडे सरकवतात. तिला देव नको होता, शांतपणे पडून राहायचं होतं. रोजे धरणाऱ्या बायकांना पहाटेचं खाणं आदल्या संध्याकाळी बराक बंद व्हायच्या आधीच घेऊन ठेवावं लागतं, त्यावर इतर जणी आपली ओढणी झाकतात, हे मी कौतुकाने लिहिलं. त्या मुलीचं लिहिलं नाही. ते लेखात यायला हवं होतं. आज घालते आहे.

तुमच्याकडे कायद्याची सोप्या मराठीतली पुस्तकं असतील तर जरूर कळवा, परवानगीचं मी बघते. टाइप मोठा हवा. चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणींना चष्मा नाही. एकच चष्मा अख्ख्या बराकीत फिरतो, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे.