सांता आला, सर गेले

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. बाहेर धुकं इतकं की समोरच्या खांबावरचा दिवासुद्धा दिसत नाहीये. रजईत बसून टाइप करतोय. बायको म्हणाली, सकाळी लिहा, रागात काही लिहू नका. सकाळी मी लिहिणार नाही हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणूनच म्हणाली.

तर आज इथे ग्वाल्हेरात चिरंजीवांच्या शाळेत ख्रिसमसचा कार्यक्रम होता. छमाही परीक्षा संपली, उद्यापासून सुट्ट्या, त्याआधीचा हा दरवर्षीचा कार्यक्रम. मिशनची, फक्त मुलग्यांची शाळा, मीही तिथेच शिकलो. नाव लिहीत नाही, कुणी टॅगही करू नका. यंदा पत्रिकेवर ख्रिसमस हा शब्दच नव्हता. 'विंटर कार्निव्हल' छापलं होतं. म्हटलं असू दे, जाऊ, पोरांचं गाणं ऐकू, संगीताच्या सरांना भेटू.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या सवयीनं स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे पेटी असते. आज तिथे माणसाएवढा स्पीकर उभा होता.

गाणी पेन ड्राइव्हवरून लागली. साठेक पोरं नुसते ओठ हलवत होती, एकाचाही स्वतःचा आवाज कानावर आला नाही. मग एक सांता आला, भाड्यानं आणलेला. त्याची दाढी सारखी माइकला चिकटत होती. त्यानं चॉकलेटं फेकली. फेकली हो, लग्नात अक्षता टाकतात तशी! हातात द्यायला काय झालं होतं?

शेवटी नवे प्रिन्सिपल माइकवर आले आणि त्यांनी कागद उघडला. या सत्राअखेर पाच जण शाळेतून जात आहेत. हिंदीच्या मॅडम, पीटीचे सर, लॅबमधले दादा, लायब्ररीच्या मॅडम आणि पाचवं नाव आमच्या संगीताच्या सरांचं. पुष्पगुच्छ, भिंतीवरचं घड्याळ, "सर, इधर देखिए", फोटो, पुढचा. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो म्हणून आकडा सांगू शकतो. सरांच्या वाट्याला २२ सेकंद आले. ३९ वर्षं नोकरी आणि २२ सेकंद. लगेच स्पीकर पुन्हा सुरू.

आता १९८८ सांगतो. जुन्या मित्रांना पाठ आहे, त्यांनी खाली सरकावं.

मी सहावीत होतो. मुलांच्या शाळेत नाताळचं नाटक बसवायचं म्हणजे मरियम कोण होणार हा दरवर्षीचा वांधा. त्या वर्षी सरांनी वर्गात एक नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तू. तुझी मान सरळ असते." संपलं. सर तेव्हा पंचविशीचे असतील, शाळेत येऊन दोनच वर्षं झालेली. संध्याकाळी सायकलवर घरी आले, आईची परवानगी घ्यायला. आजी तिथेच जपमाळ घेऊन बसलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पोराला बाई करणार, आणि वर किरिस्ताव?" सर म्हणाले, "आजी, रेव्हरंड टिळक आपल्यातलेच होते की. किती सुंदर भजनं लिहिलीत त्यांनी." आजी म्हणाली, "म्हणून तर भीती वाटते."

तरीही आईनं तिची निळी चंदेरी साडी काढून दिली. लग्नातली. ताईनं बाहुली दिली, ती झोपवली की डोळे मिटणारी. बाळ येशू.

प्रयोगाच्या दिवशी मी गोठ्यात बसलोय, मांडीवर बाळ, कॅरल सुरू झालंय आणि बाळाचं मुंडकं निसटलं. गडगडत गेलं ते थेट मेंढपाळाच्या पायाशी. तो मेंढपाळ आज थाटीपूरला हार्डवेअरचं दुकान चालवतो, हे वाचत असणार. तो ओरडला, "अबे, सिर गिर गया!" सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेत फादर, त्यांच्या शेजारी कुणी लष्करी साहेब. मला घाम फुटला. मी सरांकडे बघितलं. त्यांनी पेटीवरचा हात उचलला नाही. डोळ्यांनीच खुणावलं, शोध, लाव. आणि तीच ओळ पुन्हा सुरू केली. पोरं बावचळली, पण मागोमाग गायला लागली. पुन्हा तीच ओळ. मी गुडघ्यांवर रांगत मुंडकं आणलं, ते बसेना. पुन्हा तीच ओळ. चार वेळा फिरवली. डोकं बसलं तेव्हाच सर पुढच्या कडव्यावर गेले.

पडद्यामागे मी हमसून रडत होतो. सर आले, चंदेरीवर मेणबत्तीचं मेण पडलं होतं ते नखानं काढायला लागले. म्हणाले, "रडतोस कशाला? लोकांना वाटलं गाणंच तेवढं मोठं आहे."

असा माणूस. त्याला २२ सेकंद.

घरी आलो आणि 'आठवी-ब पेरेंट्स' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. चूक केली. २१४ मेसेज, आणि सगळे कशावर? सांताच्या टोपीवर. एक सद्गृहस्थ लिहितात, "पच्चीस को तुलसी पूजन रखिए, ये विदेशी नौटंकी बंद कीजिए." दुसरे, "तो फीस भी गुरुकुल में भरिए." मग दोघांचे समर्थक. मग झेंडे. मग हात जोडल्याचे चाळीस-पन्नास इमोजी.

विदेशी! अहो, तुम्ही राहता कुठे? गेल्या आठवड्यात तानसेन समारोह झाला ना? त्याची सुरुवात कशानं होते? ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि त्याच ठिकाणी मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान. आपलं गाव हे असंच सुरू होतं. शिंद्यांचा जयविलास पॅलेस १८७४ साली उभा राहिला, तो कुणी बांधला? मायकल फिलोज यांनी, कॅथलिक माणूस. दरबार हॉलची झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून बघितले म्हणतात. हत्तींनी ते छत हललं नाही, आणि तुमचे संस्कार एका लाल टोपीनं कोसळतात? ज्या अटलजींच्या नावानं तुम्ही पंचवीस तारखेला हार घालता, त्यांचा जन्मही इथलाच, १९२४ चा, शिंदे की छावणीतला. आमचे सर दरवर्षी सांगायचे, दोन वाढदिवस आहेत, गजक मात्र एकच मिळेल. आणि मुरैन्याच्या गजकचा, तीळगुळाच्या त्या कुरकुरीत वडीचा, एकेक तुकडा हातावर ठेवायचे. हातावर. फेकायचे नाहीत.

तुळशीचं म्हणाल तर आमच्या घरी रोज पाणी घालतात तिला, ख्रिसमसला उत्तर म्हणून घालत नाहीत.

बरं, शाळेला सगळा दोष देता येत नाही, तेवढं मान्य करतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याच मध्य प्रदेशात, शाजापूरला, शिक्षण विभागानंच पत्रक काढलं होतं, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय पोरांना सांता करायचं नाही म्हणून. अशा हवेत कुठलीही शाळा घाबरणार. घाबरून नाव बदलणार. समजू शकतो.

पण नाव बदलल्याचं मला दुःख नाहीच आहे, हे कुणाला कसं समजावू? कार्निव्हल म्हणा, हिवाळी जत्रा म्हणा, हवं तर संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणा. ते २१४ मेसेजवाले दोन्ही बाजूंनी टोपीवर भांडतायत, आणि ज्यानं ३९ वर्षं हा कार्यक्रम उभा केला तो माणूस मधल्यामध्ये दारातून बाहेर गेला. एकालाही दिसला नाही. खोटं कशाला बोलू, सरांवर एक मेसेज होता. कुणी नवीन पालक असावेत. "ये पाँचवें फोटो में बुज़ुर्ग कौन हैं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

आमच्या शाळेत बदल नवीन नाहीत. मिशनच्या शाळेत दर काही वर्षांनी फादरांच्या बदलीचं पत्र येतं, ते एक सुटकेस घेऊन निघतात आणि दुसरे फादर येतात. माझ्याच वेळी तीन बदलले. एकांना क्रिकेटचं वेड, एकांना बागेचं, एक नुसते रागवायचे. सर तिथेच. प्रत्येक नव्या फादरांना सर पहिल्या डिसेंबरात सांगायचे की इथे कॅरल कसं होतं. आणि कसं व्हायचं माहीत आहे? फळ्यावर सरगम लिहून. सर माधव संगीत महाविद्यालयातून शिकलेले. १९१८ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली काढलेलं ते कॉलेज. आम्हाला इंग्रजी नोटेशन कुणाला येणार? पण सा रे ग म सगळ्यांना यायचं. इंग्रजांची मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल, हे मला सहावीत कळलं, तेही मरियमच्या वेशात. सकाळी मठात कीर्तनाला पेटीची साथ आणि दुपारी कॅरलची तालीम, हातही तेच आणि पट्टीही बहुतेक तीच.

आता म्हणे संगीत, नाच, नाटक सगळं एका एजन्सीकडे दिलंय. आठवड्यातून दोनदा त्यांचा मुलगा कीबोर्ड घेऊन येणार. चांगला असेल, तरुण आहे, त्यालाही पोट आहे. पण कुणाचं डोकं गडगडत गेलं तर तो ओळ फिरवत बसेल का? पेन ड्राइव्ह बसेल का? आज मधेच एका पोराचा पंख पडला, देवदूताचा. गाणं पुढे निघून गेलं आणि ते पोर पंख हातात धरून तसंच उभं राहिलं. मी बघितलं. त्याच्या आईनंही बघितलं असणार.

कुणी म्हणेल, सरांचं वय झालं होतं. झालं होतं. साठीनंतर सहा-सहा महिन्यांची पत्रं देत होते त्यांना, तीही शाळेची मेहेरबानीच म्हणा. नवे प्रिन्सिपल वाईट आहेत असंही नाही. टॉयलेट पहिल्यांदा धड झालीत आणि ते पोरांना नावानं हाक मारतात. लिहिलं, झालं समाधान?

आता जे लिहायचं नव्हतं ते.

सप्टेंबरमध्ये सर मला दाल बाजारात भेटले होते. हातात गव्हाची पिशवी. म्हणाले, "डिसेंबरपर्यंतचं पत्र आहे. पुढचं बघू." मी काय म्हटलं? "सर, तुमच्याशिवाय ख्रिसमस होणार आहे का?" आणि मोठ्यानं हसलो आणि स्कूटरला किक मारली. मला कुणाशी तरी बोलता आलं असतं. आमच्या बॅचचे दोघे शाळेच्या कमिटीत ओळखीचे आहेत. चार सह्या गोळा करता आल्या असत्या. पोराची फी ऑनलाइन भरता येते म्हणून गेले सहा महिने मी शाळेत पाऊलही टाकलं नव्हतं. आणि आज २२ सेकंद मोबाइल धरून उभा राहिलो, दोन्ही हात अडकलेले म्हणून टाळीसुद्धा वाजवली नाही. त्या पाचव्या फोटोच्या मेसेजला उत्तर न देणाऱ्यांत मीही आहेच.

कार्यक्रमानंतर शोधलं त्यांना. म्युझिक रूमला कुलूप होतं. गेटवरच्या चौकीदारानं सांगितलं, निकल गए, घड्याळ पायांत धरून. त्यांची ती जुनी स्कूटर, पुढे पाय ठेवतात तिथे ते खोकं उभं केलेलं, आणि एवढ्या धुक्यात.

आईला सांगितलं. ती आता शहात्तरची आहे, कालचं आठवत नाही, पण म्हणाली, "ते मेण काढणारे?" उठून कपाटातून ती चंदेरी घेऊन आली. मेणाचा डाग अजून आहे, बोटाच्या नखाएवढा. म्हणाली, त्यांच्या बायकोला विचार, मेण कशानं निघतं, सदतीस वर्षं विचारायचं राहिलंय.

उद्या सकाळी जाणार आहे त्यांच्याकडे. गजक घेऊन. आपल्या बॅचचं कुणी ग्वाल्हेरात असेल तर दहा वाजता जनकगंजच्या नाक्यावर या, एकत्र जाऊ. हार-तुरे आणू नका, घड्याळ तर मुळीच नको.

ही पोस्ट टाकण्याआधी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तुमच्याबद्दल लिहितोय, चालेल ना, म्हणून. वाटलं झोपले असतील. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"चार नाही, पाच वेळा वाजवली होती. आणि मुंडकं काय लिहितोस रे, बाळ होतं ते."