बारा वर्षे वापरला म्हणून रस्ता तुमचा होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तो बंदही करता येत नाही

‘शेतरस्त्याचे पाच कायदे, जे वकील सांगत नाहीत’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. या वेळी तो आमच्या काकांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. म्हणून हे उत्तर.

दावा पहिला: ‘बारा वर्षे रस्ता वापरला की जमीन तुमची.’ साफ खोटं. बारा वर्षांची मुदत प्रतिकूल कब्जाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन मालक म्हणून दाबून बसण्याची. जाण्या-येण्याच्या वहिवाटीसाठी 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा, कलम 15 बघा. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा, मालक न होता, ठरावीक वापर करण्याचा हक्क. त्यात 20 वर्षे लागतात, रस्ता सरकारी जमिनीतून असेल तर 30. वापर उघड, शांततेने, हक्काने आणि खंड न पडता झालेला हवा. शिवाय ती वर्षे दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. वडिलांच्या काळात 25 वर्षे गाडी जात होती, पण रस्ता अडून पाच वर्षे झाली नि आपण गप्प बसलो, तर या कलमाचा आधार गेला. ‘हक्काने’ हा शब्दही वाचा. या वीस वर्षांत एकदा जरी ‘हा माझा हक्क नाही, तुमच्या परवानगीने जातो’ असं कबूल केलं, तर दावा फेटाळला जातो. कायद्यातल्या उदाहरणातच तसं आहे. आणि सगळं सिद्ध झालं तरी मिळतो तो जाण्याचा हक्क. सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव बदलत नाही.

दावा दुसरा: ‘सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नसेल तर मालकाने खुशाल चर खोदावा.’ सगळ्यात घातक हाच. जुन्या वहिवाटींपैकी कित्येकांची ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद कधी झालीच नाही. म्हणून हक्क नाही असं ठरत नाही. चर खोदला की समोरचा 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जातो. तहसीलदार जागेची पाहणी करतो, जबाब घेतो आणि अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. जेसीबीचं भाडं दोनदा, शिवाय पेरणीच्या तोंडावर कोर्टाच्या चकरा.

रस्ता ज्याचा अडला, त्याने एकच गोष्ट पाठ करावी: अडथळा आल्यापासून सहा महिने. त्याच्या आत अर्ज गेला नाही तर हा झटपट मार्ग बंद. मग दिवाणी कोर्ट. अर्जासोबत गाव नकाशा लावा. त्यावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस गाडीरस्ता’ एवढे दोन शब्द पन्नास जबाबांना भारी पडतात. चर पडला त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, कारण पुढे भांडण ‘अडवला कधी’ यावरच होतं. उपग्रह नकाशावरची जुन्या वर्षांची चित्रंही जोडा.

दावा तिसरा: ‘शेताला रस्ता नसेल तर शेजाऱ्याने द्यावाच लागतो, हवा तिथून.’ अर्धं खरं, कबूल करावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार रस्ता देऊ शकतो. पण तो बांधावरून, गरज तपासून. शेताच्या मधून तिरका, आपल्या सोयीचा नव्हे. निर्णय पटला नाही तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दुसरी वाट ‘गरजेच्या’ सुविधाधिकाराची, 1882 च्या कायद्याचं कलम 13: पूर्वी एकाच मालकाची जमीन विक्रीने किंवा वाटपाने तुटली आणि आतला तुकडा कोंडला गेला, तरच. वाट कुठून हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याच्या जमिनीतून ती जाते त्या मालकाचा, फक्त ती वापरण्याजोगी हवी. आणि पुढे दुसरा रस्ता मिळाला की हा हक्क संपतो. भावांच्या वाटणीपत्रात रस्ता न लिहिण्याची सवय सुटली तर निम्मी प्रकरणं उभीच राहणार नाहीत.

दावा चौथा: ‘शंभराच्या स्टॅम्पवर परवानगी लिहून घेतली की कायमचा हक्क.’ नाही. ती नुसती परवानगी, सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मधली. मालक ती काढून घेऊ शकतो आणि त्याने जमीन विकली तर नवा मालक बांधील नाही. एक महत्त्वाचा अपवाद: त्या परवानगीच्या भरवशावर खर्च करून पक्कं काम केलं असेल तर ती सहजासहजी काढता येत नाही. कायमचा हक्क हवा असेल तर गट नंबर, रुंदी, लांबी, नकाशा आणि ‘ट्रॅक्टर-ट्रॉलीसह’ असं लिहून दस्त नोंदवून घ्या. फक्त ‘येण्या-जाण्यास’ लिहिलं की उसाची ट्रॉली आली रे आली, वाद उभा.

पाचवा दावा, ‘जमीन विकली की रस्त्याचा हक्क मेला’, हाही उलटाच. परवानगी मरते. सुविधाधिकार जमिनीला चिकटलेला असतो, खरेदीखतात वेगळं काही लिहिलं नसेल तर तो घेणाऱ्याकडे जातो. घेणाऱ्याने मात्र बैलगाडीच्या वाटेवरून डंपर नेऊन बोजा वाढवायचा नाही, तेही याच कायद्यात आहे.