शनी कुठेही सरकलेला नाही

रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, माझा शनी आठव्यात गेलाय." तिचा आवाज ऐकून मला आधी वाटलं, घरात कुणाला तरी काही झालंय. झालं होतं ते असं: कुणीतरी तिला एक लांबलचक मेसेज पाठवला होता. तो वाचून तिने मोबाईलवरच्या ॲपमध्ये जन्मतारीख आणि वेळ टाकली, 'चलित' (ग्रहाचं घर राशीऐवजी अंशांवरून ठरवणारी मांडणी) या शब्दावर बोट ठेवलं, आणि लहानपणापासून सातव्या घरात पाहिलेला शनी तिला आठव्यात दिसला. मग ती झोपली नाही आणि मीही नाही.

तोच मेसेज त्यानंतर मला तीन ठिकाणांहून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: बारा राशींची बारा घरं मानून काढलेली कुंडली ही अडाण्यांसाठीची सोय आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाची पत्रिका चुकलेली आहे. पृथ्वीच्या परिभ्रमणावर आधारलेली प्लासिडस भावपद्धती (भाव म्हणजे पत्रिकेतलं घर) ही एकमेव शास्त्रीय पद्धत आहे. नासासुद्धा तीच वापरते. आपल्या ऋषींनीही तीच सांगितली होती. तुमचा ग्रह चलितात सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या अशा अशुभ मानलेल्या घरात गेला असेल, तर आयुष्यातले आजवरचे निर्णय चुकीच्या पायावर उभे आहेत. ताबडतोब तपासा आणि पुढे पाठवा.

मी वीसेक वर्षं हौसेने पत्रिका मांडते. आधी सारण्या घेऊन हाताने मांडायचे, आता संगणकावर. फलज्योतिष खरं की खोटं हा वाद इथे नाही. पण ज्या पद्धतीचं नाव घेऊन माणसांना घाबरवायचं, ती पद्धत मांडते काय, एवढं तरी माहीत असायला हवं. हे लिहिणाऱ्याला ते माहीत नाही.

सुरुवात बहिणीच्या पत्रिकेपासूनच करते, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तिथेच उघडं पडतं.

तिचं लग्न, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा बिंदू, मेष राशीच्या 6 अंशांवर आहे. शनी तूळ राशीत 20 अंश 40 कलांवर (60 कलांचा एक अंश). मेषेपासून तूळ सातवी, म्हणून राशीकुंडलीत शनी सातवा. यात अंशांचा प्रश्नच येत नाही: अख्खी रास म्हणजे अख्खं घर.

ॲपमधलं चलित श्रीपती पद्धतीचं निघालं. या पद्धतीत लग्नाचा अंश हा पहिल्या घराचा मध्य असतो, आरंभ नसतो. लग्न आणि दशम (सूर्याच्या वाटेवरचा, त्या क्षणी डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर आलेला बिंदू) यांच्यामधल्या अंतराचे, म्हणजे एका चरणाचे, तीन समान भाग करतात, दुसऱ्या चरणाचेही तसेच तीन, आणि येणारे बिंदू भावमध्य मानतात. दोन भावमध्यांच्या बरोबर मधोमध भावसंधी, म्हणजे घराची भिंत. बहिणीच्या पत्रिकेत सातव्याचा मध्य तूळ 6 अंश येतो आणि सातव्या-आठव्यामधली भिंत तूळ 19 अंश 47 कलांच्या आसपास. शनी तिच्यापलीकडे, जेमतेम 53 कलांनी. एक अंशसुद्धा नाही.

आता मेसेज ज्या प्लासिडसचे गोडवे गातो ती पद्धत लावा. आपल्याकडे ती कृष्णमूर्ती पद्धतीमुळे माहीत आहे. तिथे लग्नाचा अंश हा घराचा मध्य नसून आरंभ असतो. म्हणजे सातवं घर तूळ 6 अंशांना सुरू होतं आणि वृश्चिकेच्या पहिल्या काही अंशांपर्यंत जातं. शनी सातव्यातच, आणि चांगला आतमध्ये.

समभाव पद्धतीने, लग्नबिंदूच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंश घेऊन पाहिलं तर भिंत तूळ 21 अंशांवर येते. शनी पुन्हा सातव्यात, भिंतीला अगदी खेटून.

म्हणजे चार पद्धतींपैकी फक्त एकीत शनी आठवा आहे, आणि ती एक प्लासिडस नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एका पद्धतीचं नाव घेतलं, लोकांनी दुसऱ्याच पद्धतीचं चित्र उघडलं, आणि 'चलित' हा एकच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. किती घरांत त्या रात्री असे ग्रह 'सरकले' असतील या विचाराने मला अजून संताप येतो.

आणि जन्मवेळेचं काय? लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातं. बहिणीची नोंदलेली वेळ आहे सकाळी सव्वासहा. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "सव्वासहाच्या सुमारास. घड्याळ बघायचं भान कुणाला होतं?" ती वेळ प्रत्यक्षात सहा वाजून एकोणीस मिनिटं असेल तर श्रीपतीची भिंतही जवळपास अंशभर पुढे सरकते आणि शनी पुन्हा सातव्यात येतो. चार मिनिटांच्या अंदाजावर टेकलेल्या भिंतीवरून कुणाच्या आयुष्यातले निर्णय 'चुकीच्या पायावर' ठरवायचे? ज्याने हाताने एक तरी भावसंधी काढली आहे तो असं वाक्य लिहिणार नाही. संधीजवळच्या ग्रहाबद्दल जपून बोलावं, हे पत्रिका शिकवणारा पहिल्या काही धड्यांतच सांगतो. शिवाय ज्या परंपरेचा धाक घालताय, तीच परंपरा शनीला आयुष्याचा कारक मानते आणि आठव्यातला शनी दीर्घायुष्य देतो असं सांगते. मेसेजमध्ये ते कुठेच नाही.

आता नासा. या एका वाक्यामुळे शिकलेली माणसंही गप्प बसतात, म्हणून नीट सांगते. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांच्या स्थानांची अतिशय अचूक गणितं होतात, आणि ती अंतराळयानं पाठवण्यासाठी लागतात. डीई 431 हे त्यांतलंच एक. स्विस एफेमेरिस ही आज असंख्य ज्योतिष-सॉफ्टवेअरच्या पोटात असलेली प्रणाली त्यावर उभी आहे. त्यामुळे तुमच्या ॲपमधला शनी 20 अंश 40 कलांवर असेल, तर त्या आकड्यामागे नासाची मेहनत आहे, हे खरं. पण ते ग्रह कुठल्या घरात हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. यानाला सातवं घर लागत नाही. भावांचं गणित सॉफ्टवेअर वेगळ्या सूत्राने करतं, आणि त्याच स्विस एफेमेरिसमध्ये डझनाहून अधिक भावपद्धती निवडायला दिलेल्या आहेत. नासाची एखादी पसंती असती तर एवढे पर्याय ठेवायचं कारण काय होतं?

'ऋषींनी सांगितलेली प्लासिडस' यावर फार शब्द खर्च करायला नकोत. प्लासिडस दे टिटिस हा इटलीतला ख्रिस्ती साधू, 1603 ते 1668 हा त्याचा काळ, पाव्हियाला गणित शिकवायचा. आपली पद्धत प्राचीन ग्रीक ज्योतिषी टॉलेमीची आहे असा त्याचा दावा होता, ऋषींची आहे असा नव्हता. तिचा प्रसार झाला तो मुख्यतः 19व्या शतकात, कारण 'राफेल' या नावाने निघणाऱ्या छापील इंग्रजी पंचांगाबरोबर तिच्या सारण्या सहज मिळायच्या. पुढे के. एस. कृष्णमूर्तींनी (1908–1972) ती आपल्या पद्धतीत घेतली. त्यांच्या पद्धतीने काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांचं अख्खं गणित भावारंभावर चालतं, त्यांनी ती वापरावी. त्यांच्यातला कुणी जाणता माणूस बाकी सगळ्यांच्या पत्रिका खोट्या आहेत असं म्हणताना मी ऐकलेला नाही.

आणि 'अडाण्यांसाठीची सोय' कुणाची? वराहमिहिराचं बृहज्जातक उघडा. सहाव्या शतकातला ग्रंथ, पहिलाच अध्याय. राशी, क्षेत्र, गृह, ऋक्ष, भ आणि भवन हे शब्द एकाच अर्थाचे, असं तो सरळ सांगून टाकतो. रास म्हणजेच गृह. त्याला गणित येत नव्हतं असं म्हणण्याचं धाडस या मेसेजवाल्यात असेल तर त्याने वराहमिहिराचाच खगोलगणितावरचा ग्रंथ, पंचसिद्धांतिका, वाचून दाखवावा. ग्रीक परंपरेतही अख्खी रास म्हणजे एक घर हीच मांडणी जुनी आहे. तेव्हा राशीकुंडली ही मागाहून आलेली पळवाट नाही. मागाहून आल्या त्या बाकीच्या पद्धती.

उरलं 'शास्त्रीय'. आधी एक दुरुस्ती: पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. शाळेच्या भूगोलातलं आहे. आणि परिवलनावर एकटी प्लासिडस नव्हे, लग्न काढणारी प्रत्येक पद्धत आधारलेली आहे, कारण लग्न म्हणजेच त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेचा, अंश.

प्लासिडसचं वेगळेपण एवढंच की ती जागेऐवजी वेळ वाटते. क्रांतिवृत्तावरचा एखादा अंश उगवल्यापासून डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या याम्योत्तर वृत्तापर्यंत यायला जेवढा वेळ घेतो, त्याचे तीन भाग करायचे. कल्पना सुंदर आहे, हे मी मनापासून म्हणते. पण तेराव्या शतकातल्या कॅम्पेनसने सममंडलाचे (डोक्यावरून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वर्तुळाचे) समान भाग केले, पंधराव्या शतकातल्या रेजिओमोंटेनसने आकाशातल्या विषुववृत्ताचे केले, तेही त्याच आकाशावर आणि तितक्याच चोख गणिताने. तिघांचं लग्न एक, दशम एक. मधल्या भिंती वेगवेगळ्या. आकाशात त्या भिंती कुठेच आखलेल्या नाहीत, त्यामुळे कुणाची बरोबर हे दुर्बीण लावून ठरत नाही.

प्लासिडसची अडचण मात्र आकाशात दिसते. 66 अंश 34 कला अक्षांशांच्या पलीकडे क्रांतिवृत्ताचे काही अंश कधी मावळतच नाहीत आणि काही कधी उगवतच नाहीत. जो उगवत नाही त्याचा उगवल्यापासूनचा वेळ कसा मोजणार आणि त्याचे तीन भाग कसे करणार? रशियातलं मूर्मान्स्क, नॉर्वेतलं ट्रोम्सो ही भरवस्तीची शहरं त्या रेषेच्या उत्तरेला आहेत. तिथे जन्मलेल्या बाळाची पत्रिका या 'एकमेव शास्त्रीय' पद्धतीने धड मांडताच येत नाही. राशीकुंडली येते.

'चलितात ग्रहाची रासही बदलते' अशी एक ओळ मेसेजच्या तळाशी होती. बदलत नाही. रास ग्रहाच्या अंशांवरून ठरते, घर बदलल्याने नाही.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी टाळणार नाही. नुसत्या राशीकुंडलीत काही गोष्टी झाकल्या जातात. बहिणीच्याच पत्रिकेत दशमबिंदू धनु राशीच्या 28 अंश 40 कलांच्या आसपास येतो, म्हणजे राशीने मोजलं तर नवव्या घरात, दहाव्यात नाही. आणि विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसं हे वाढत जातं. सायन मेषारंभ, म्हणजे वसंतसंपाताचा बिंदू, याम्योत्तरावर असताना दशम ते लग्न अंतर 20 अक्षांशावर साधारण 98 अंश असतं, 60 अक्षांशावर सुमारे 125. तिथे श्रीपतीच्या एका चरणातली घरं साडेएकेचाळीस अंशांची होतात आणि शेजारच्या चरणातली साडेअठरा. हा खरा प्रश्न आहे. श्रीपतीने 11व्या शतकात आणि त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने याच प्रश्नाशी झटून चरणांचे तीन भाग केले. म्हणूनच जुने लोक राशीकुंडलीशेजारी चलित मांडायचे. शेजारी. ती खोडून तिच्या जागी नाही. रास आणि स्वामी एकीकडून पाहायचे, भावाचं बळ दुसरीकडून. मेसेजने या जुन्या, समंजस सवयीतलं अर्धं उचललं आणि त्याची धमकी केली.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला तिची पत्रिका चार पद्धतींनी मांडून पाठवली, एकाखाली एक. प्रत्येकीत घराच्या भिंती वेगळ्या रंगाने काढल्या आणि शनीभोवती एक लहान वर्तुळ केलं. तिने फोन केला तेव्हा पहिला प्रश्न घराचा नव्हताच. "ताई, चारही ठिकाणी 20 अंश 40 कलाच लिहिलंय. हा हललाच नाही का?"

नाही म्हटलं, तो जिथे होता तिथेच आहे.