स्लिदरिनच्या टेबलावरची पोरं

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी मुख्याध्यापक डम्बलडोर जे करतात तो सरळसरळ पक्षपात आहे. गेली कित्येक वर्षं तो प्रसंग 'काय भारी सीन' म्हणून फिरतोय. मला तो वाचताना दर वेळी राग येतो, आणि का येतो ते एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत मुलं चार हाऊसेसमध्ये वाटलेली असतात, आणि वर्षभरात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या हाऊसला हाऊस कप मिळतो. आकडे आठवून बघा. स्लिदरिन ४७२, रेव्हनक्लॉ ४२६, हफलपफ ३५२, ग्रिफिंडोर ३१२. हाऊस कप सलग सातव्यांदा स्लिदरिनकडे. सगळा हॉल हिरव्या आणि चंदेरी रंगात सजलेला, पोरं जल्लोष करतायत. तेवढ्यात डम्बलडोर म्हणतात, अलीकडच्या घटनांचाही विचार करायला हवा. ग्रिफिंडोरच्या रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६०. झाली बरोबरी. मग त्यांच्याच हाऊसच्या नेव्हिलला १०. टाळी वाजते, हिरवे पडदे लाल होतात, साप जाऊन सिंह येतो, आणि बाकीची तिन्ही टेबलं स्लिदरिन हरल्याच्या आनंदात नाचतात.

त्या चौघांना गुण मिळायलाच हवे होते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिघांनी जीव धोक्यात घातला होता. नेव्हिल तर स्वतःच्या मित्रांना अडवायला उभा राहिला, आणि ते किती अवघड असतं हे डम्बलडोरनी फार छान सांगितलंय. माझं भांडण वेळेशी आहे. हॅरी तीन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता. म्हणजे काय घडलं हे मुख्याध्यापकांना तीन दिवसांपासून माहीत होतं. त्या तीन दिवसांत कधीही गुण देता आले असते. हॉल लाल रंगातच सजला असता आणि कुणाच्या हातातलं काही काढून घ्यावं लागलं नसतं. पण आधी पोरांना जिंकू दिलं, सगळ्या शाळेदेखत आनंद करू दिला आणि मग तो हिसकावून घेतला. त्या टेबलावर हॅरीचा वैरी ड्रेको मॅल्फॉय एकटा बसलेला नव्हता. वर्षभर वर्गात हात वर करून एकेक गुण मिळवणारी अकरा-बारा वर्षांची मुलंही तिथेच होती. हॅरीशी त्यांचं काय वाकडं होतं?

यावर लगेच स्लिदरिनचे प्रमुख शिक्षक स्नेप यांचं नाव पुढे येतं. मान्य, स्नेपचा पक्षपात किळसवाणा आहे. चौथ्या पुस्तकात मॅल्फॉयचा मंत्र हर्मायनीला लागून तिचे दात भराभर वाढायला लागतात. स्नेप हॅरीचा मंत्र लागलेल्या स्लिदरिनच्या गॉयलला दवाखान्यात पाठवतो आणि हर्मायनीकडे बघून म्हणतो, मला तर काही फरक दिसत नाही. रडत पळून जाते बिचारी. वर ग्रिफिंडोरचे ५० गुण जातात. शिक्षकाने विद्यार्थ्याशी असं वागणं अक्षम्य आहे, आणि पुस्तकसुद्धा ते आपल्याला तसंच दाखवतं. मात्र डम्बलडोर तेच तराजू दुसऱ्या बाजूला झुकवतात तेव्हा पुस्तक त्याला न्याय म्हणतं आणि आपणही टाळ्या वाजवतो. स्नेप निदान लपवत तरी नाही.

त्याच चौथ्या पुस्तकात अर्ध्या ओळीत येऊन जाणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. नव्या मुलांची वाटणी चालू आहे. माल्कम बॅडॉक नावाच्या मुलाच्या डोक्यावरची, हाऊस ठरवणारी जादूची टोपी ओरडते 'स्लिदरिन!' तो जाऊन आपल्या जागेवर बसतो, तर रॉनचे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज त्याच्याकडे बघून फूत्कार टाकतात. मुलगा अकरा वर्षांचा, शाळेतली त्याची पहिली रात्र. अजून त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. कुणी शिक्षक त्या दोघांना दटावत नाही आणि कथा तशीच पुढे जाते. हॅरीच्या मनात त्या क्षणी एवढंच येतं की सगळ्यात जास्त काळे जादूगार याच हाऊसमधून निघाले हे या मुलाला ठाऊक असेल का. आता हाच मुलगा पुढची सात वर्षं कुणाच्या शेजारी बसेल? जे त्याचं हसून स्वागत करतील त्यांच्याच ना!

वाईट मार्गाला गेलेला एकूण एक जादूगार स्लिदरिनचा होता, हे हॅरीला सगळ्यात आधी शाळेचा रखवालदार हॅग्रिड सांगतो. खुद्द पुस्तकांनीच ते खोटं पाडलंय. हॅरीच्या आईवडिलांना मृत्यूच्या तोंडी देणारा पीटर पेटीग्रू ग्रिफिंडोरचा. उलट रेग्युलस ब्लॅक स्लिदरिनचा, आणि त्याने खलनायक व्होल्डेमॉर्टविरुद्ध जाऊन जीव दिला, तोही बाहेर कुणाला न कळता. तरी पेटीग्रूमुळे ग्रिफिंडोरवर कधीच डाग लागत नाही. तो एकटा वाईट निघाला, एवढंच. स्लिदरिनचा कुणी वाईट निघाला की मात्र सगळं हाऊस तसलंच! ज्या पुस्तकांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं की माणूस कोणत्या घरात जन्मला यावरून त्याची लायकी ठरत नाही, त्याच पुस्तकांत हे चालतं. ती शिकवण मला मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच हे जास्त खटकतं.

काहीजण म्हणतील, शुद्ध रक्ताचा, म्हणजे फक्त जादूगार घराण्यातलीच मुलं घ्यायचा, आग्रह त्या हाऊसच्या संस्थापकाचाच होता, मग तिथली पोरं तशीच असणार. पण मग शाळेने हजार वर्षं काय केलं? सालाझार स्लिदरिन केव्हाच निघून गेला होता, हाऊस शाळेच्या ताब्यात होतं. तळघरातल्या त्या कॉमन रूममध्ये काय बोललं जातं याची जबाबदारी मोठ्यांची होती. पाचव्या वर्षी तर टोपीनेच गाण्यातून सांगितलं की अशी विभागणी करणं चूक आहे की काय अशी भीती वाटते, आता एक व्हा. ऐकून सगळे जेवायला लागले. डम्बलडोर स्वतः एकदा स्नेपला म्हणतात की आपण वाटणी फार लवकर करतो. म्हणजे कळत होतं! मग दशकानुदशकं खुर्चीवर बसून बदललं का नाही?

त्याचं फळ शेवटच्या पुस्तकात दिसतं. शाळेवर चालून आलेला व्होल्डेमॉर्ट हॅरीला मागतो, स्लिदरिनची पॅन्सी पार्किन्सन ओरडते की तो बघा, पकडा त्याला. ग्रिफिंडोरच्या प्रमुख शिक्षिका मॅकगोनागल तिला बाहेर काढतात आणि तिच्या मागोमाग तिच्या हाऊसलाही. नंतर बाकीच्या तिन्ही टेबलांवर कुणी ना कुणी लढायला थांबतं, स्लिदरिनचं टेबल मात्र पूर्ण रिकामं. त्या मुलांना भित्री म्हणणं मला जमत नाही. ज्या शाळेने त्यांना कधी आपलं मानलं नाही, तिच्यासाठी त्यांनी जीव का द्यावा? आणि लेखिकेवरही माझा राग आहेच. सात पुस्तकांत हॅरीच्या वर्गातला एक, फक्त एक स्लिदरिन विद्यार्थी त्याचा मित्र झाला असता, त्या रात्री एकजण जरी त्या टेबलावर बसून राहिला असता, तर मला पुरलं असतं.

उपसंहारात एकोणीस वर्षं उलटलेली आहेत. युद्ध जिंकलंय. हॅरीचा धाकटा मुलगा स्टेशनवर घाबरून विचारतो, मी स्लिदरिनमध्ये गेलो तर? हॅरीचं उत्तर फार सुंदर आहे. तसं झालं तर स्लिदरिनला एक उत्तम विद्यार्थी मिळेल, म्हणतो. पण त्याआधीच रॉनमामाने पोरांना बजावून झालंय की ग्रिफिंडोरमध्ये नाही गेलात तर वारसाहक्क विसरा. थट्टेत म्हणतो, मान्य. पण टोपी तीच आहे, वय तेच आहे आणि वाटणीही अजून पहिल्याच रात्री होते.