लिंक दिली तशी पोचवा ना!

अहो, एक लिंक धड पोचवता येत नाही का तुम्हाला? महाप्यातल्या ऑफिसात बसून बग ट्रॅकरवरनं, म्हणजे चुकांची नोंद ठेवायच्या साइटवरनं, कोडच्या साइटवर जायचंय, बस्स, एवढंच, आणि समोर काय तर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही! ब्रांचच्या, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेच्या, नावात # आहे ना, मग ते एन्कोड करून, म्हणजे लिंकमध्ये चालेल असं त्याचं %23 करून, पाठवायला नको? नाही केलं की ब्राउझर # पासून पुढचं सर्व्हरला पाठवतच नाही, अर्धंच नाव पोचतं, पान सापडणार कुठनं? दुसरी साइट याच्या उलट, आधीच एन्कोड केलेलं परत एन्कोड करते, स्पेसचं %20, त्यातल्या टक्क्याचं %25, झालं %2520, आणि मधे रीडायरेक्ट आला, म्हणजे एका पत्त्यावरनं दुसऱ्यावर धाडलं, की %252520! काय चाललंय काय? प्लसचं तर विचारूच नका. फॉर्मच्या क्वेरीत, म्हणजे लिंकमधल्या ? नंतरच्या भागात, प्लस म्हणजे स्पेस, पाथमध्ये, म्हणजे त्याआधीच्या भागात, प्लस म्हणजे प्लसच, पण या साइटवाल्यांना सगळीकडे स्पेसच दिसते, सी प्लस प्लसच्या फोल्डरची नुसती सी उरते. आणि विकीच्या पानाला 'ठाणे सर्व्हर' नाव दिलं की संपलंच, देवनागरीच्या एकेका चिन्हाचे ३ बाइट, दर बाइटाला % धरून ३ कॅरेक्टर, म्हणजे लिंकमध्ये ९ कॅरेक्टर, काना-मात्रा वेगळे धरले की नुसत्या 'ठाणे'ला ३६! मग सगळे म्हणतात नावं इंग्रजीत ठेवा. का म्हणून ठेवायची? लिंक कशी लिहायची याचं इंटरनेटचं मानक, आरएफसी ३९८६, जानेवारी २००५ चं आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की एकाच स्ट्रिंगला दोनदा एन्कोड करायचं नाही. तिकीट टाकलं तर ट्रॅकरवाले कोडवाल्यांकडे बोट दाखवतात, कोडवाले ट्रॅकरवाल्यांकडे. एन्कोड करायचं तयार फंक्शन आहे ना प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत, मग वापरा की, प्रत्येक तुकड्याला एकदाच, लिंक जोडायच्या आधी!